गरम रेणू आणि धोंड्याचं जेवण

माझ्या सासऱ्यांनी माझ्याकडे आजवर एकच गोष्ट मागितली, आणि लग्नानंतर कित्येक वर्षं ती मला देता आली नाही. त्यांना एक वाक्य हवं होतं. खर्ड्याच्या अलीकडे, जामखेड तालुक्यात त्यांचं गाव. तिथे ते दूध संकलन केंद्र चालवतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळ निम्मं गाव किटल्या घेऊन त्यांच्यापुढे रांगेत उभं असतं. रांगेतल्या माणसाला दुसरं काम नसतं, म्हणून तो विचारतो, जावई काय करतात. थोरल्या जावयाची काही अडचण नव्हती. माझा साडू एसटीत कंडक्टर आहे. तेवढं सांगितलं की रांग पुढे सरकते. गोष्ट माझ्यापाशी आली की रांग थांबायची.

त्यांनी त्यांच्या परीने सगळं करून पाहिलं. जावई कॉम्प्युटरमध्ये आहेत असं सांगितलं, तर एक जण बंद पडलेला प्रिंटर घेऊन आला आणि मी येईन तेव्हा बघेन म्हणून केंद्रावरच ठेवून गेला. जावई सायंटिस्ट आहेत असं सांगितलं, तर बोअरला पाणी कुठं लागेल ते विचारून ठेवा, असे निरोप यायला लागले. माझी पीएचडी झाल्यावर त्यांनी मोठ्या हौसेने ‘डॉक्टर’ लावून पाहिलं. त्या दिवाळीत शेजारच्या एका काकूंनी मला ओसरीवर बसवून आपला गुडघा दाखवला. मी तो बघितला आणि गंभीरपणे मान हलवली. नाही म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

शेवटी ते वैतागून मलाच म्हणाले, "जावईबापू, तुमीच मला एका वाक्यात सांगा. मंग मी कुनाला ऐकायचा न्हाई."

मी जे करतो ते एका वाक्यात बसत नाही, हेच माझं दुखणं. क्वांटम कॉम्प्युटर नावाचं यंत्र येऊ घातलंय, आणि रेणूची ऊर्जा त्याच्यावर कशी काढायची याच्या रीती शोधणारी माणसं जगभर आहेत. त्यातली बहुतेक जण रेणूला आधी पार थंड करून टाकतात, शून्याखाली दोनशे त्र्याहत्तर अंशांपर्यंत. तिथे तो निमूट तळाच्या अवस्थेत बसतो, त्याची एक ऊर्जा काढली की काम संपतं. पण असला रेणू कुणाच्या घरात नसतो. आपल्या हवेतला रेणू कधी या अवस्थेत असतो, कधी त्या, आणि गरमी वाढली की त्याचे चाळेही वाढतात. त्या सगळ्या अवस्थांचा मिळून हिशोब कसा करायचा, हा माझा विषय. खरं क्वांटम यंत्र मला कोण देतो, म्हणून त्याचं सोंग मी माझ्या लॅपटॉपवर वठवतो. या रीतीत एक पायरी अशी आहे की गणित घड्याळातल्या काळात न चालवता काल्पनिक काळात चालवतात, म्हणजे रेणू हळूहळू हव्या त्या तापमानाला येतो. हे मी लग्न नवीन असताना बायकोला मोठ्या प्रेमाने समजावून सांगितलं. त्याचा तिने पुढे फार वाईट उपयोग केला. गॅस संपला की सिलेंडर मी काल्पनिक काळात आणतो, असं ती चारचौघांत सांगते.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. मामांना मी एक वाक्य करून दिलंही होतं: मी गरम रेणूंची ऊर्जा काढतो. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं आणि विचारलं, "काढून कुठं ठिवता?" त्यानंतर तो विषय बराच काळ बंद होता.

यंदा अधिक ज्येष्ठ आला. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावतात. पुरण भरून वाफवलेले धोंडे, वर तुपाची धार, ताटभर अनारसे, नवे कपडे. त्याआधी सासू-सासरे जावयाचे पाय परातीत धुतात, आणि ते होईपर्यंत स्वतः तोंडात काही घालत नाहीत. मी राहात्याकडचा. आमच्याकडेही हे सगळं आहे, पण पाय धुवायची वेळ आली की जावई असू द्या, असू द्या म्हणत पाय मागे घेतो आणि बोटभर पाण्यावर प्रकरण मिटतं. मामींना ते मान्य नाही. पाटपाण्याच्या मुलखातल्या लोकांना पाण्याची किंमत नसते, म्हणून ते पाय धुवायला कंजूषपणा करतात, असं त्या म्हणतात. हे तर्कात कुठे बसतं ते मला अजून कळलेलं नाही, पण सासुरवाडीत तर्क काढायची सोय नसते.

खरं सांगायचं तर मला त्या पाय धुण्याचा फार संकोच वाटतो. ज्यांच्यापुढे आपण वाकायचं त्यांनीच आपल्यापुढे खाली बसायचं, हे मला बघवत नाही. मागच्या अधिकात मी नेमका परदेशात एका परिषदेला होतो, त्यामुळे सुटलो होतो. या खेपेला सुटका नव्हती.

त्यात एका संशोधन संस्थेत कायमची जागा निघाली. माझी फेलोशिप पावसाळ्यानंतर संपणार होती, तेव्हा ही जागा मला हवीच होती. मुलाखत ऑनलाईन होती आणि तारीख नेमकी धोंड्याचीच आली, सकाळी लवकर. बायको म्हणाली, बरंच आहे, ते उरकून जेवायला बसता येईल. मामांनी फोनवर एवढंच विचारलं की जागा मिळाली तर काय म्हणायचं. प्राध्यापक म्हणायचं, असं मी सांगितलं. मग ते म्हणाले, "प्राध्यापक. हे रांगंत चालंल." त्यांच्या आवाजातला आनंद मला फोनवरही कळला. जागेची काळजी होतीच, पण आता त्या शब्दाचंही ओझं झालं.

धोंड्याच्या दिवशी सकाळपासूनच पत्रा तापायला लागला होता. ओसरीत बसून मी लॅपटॉपवर शेवटचं गणित लावलं होतं. रेणू लोखंड आणि गंधकाचा, लहानसाच, पण प्रत्येक सजीवाच्या अंगात असतो. म्हशीच्याही असतो, हे मी आदल्या संध्याकाळी मामांना सांगितल्यापासून त्यांचं माझ्या विषयाबद्दलचं मत थोडं सुधारलं होतं. त्याच्या ऊर्जेचा आलेख मला मुलाखतीत दाखवायचा होता आणि नेहमीच्या तापमानाचा, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा ठिपका अजून निघायचा होता. तेवढ्यात संस्थेचा ईमेल आला की काही अडचणीमुळे मुलाखत दुपारी होईल. तो वाचतोय तोवर वीज गेली, आणि थोड्या वेळाने लॅपटॉप इतका तापला की स्वतःहूनच बंद पडला. सगळं जग ज्या पार थंड तापमानात रेणू मोजतं त्याला मी गेली कित्येक वर्षं नावं ठेवत होतो. त्या ओसरीत मला ते एकदम पटलं.

आतून मामी विचारायला आल्या की पाय कधी धुवायचे. पाय धुतले की लगेच पानावर बसायचं असतं आणि माझं गणित अडलेलं, म्हणून मी दुपारी म्हटलं, तसा त्यांचा चेहरा पडला. त्यांना शुगर आहे, उपाशी राहून चालत नाही, आणि पाय धुतल्याशिवाय त्या पाणीही पिणार नव्हत्या. मी म्हणालो, मामी, तुम्ही खाऊन घ्या, देव काही रागावणार नाही. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुढचं वाक्य गिळलं.

मार्ग माझ्या मेहुण्याने काढला. तो मामांना केंद्रावर मदत करतो, आणि अडचण आली की त्याला चेव येतो. "दाजी, केंद्रावर चला," तो म्हणाला. "जनरेटर हाय, नेट हाय, लस्सीचा फ्रीजरबी हाय." फ्रीजरचा संबंध मला कळला नाही, पण मी लॅपटॉप उचलला.

केंद्र म्हणजे एक लांबोडी खोली. एका बाजूला दूध गार करायची मोठी स्टीलची टाकी, दारापाशी फॅट बघायचं मशीन, भिंतीला रिकाम्या कॅनची उतरंड. सकाळचं संकलन संपलेलं, त्यामुळे शांतता होती. मेहुण्याने टेबलावर एक ताट ठेवलं, त्यात फ्रीजरमधून काढलेल्या लस्सीच्या कडक पिशव्या रचल्या, त्यावर प्लास्टिकचा कागद पसरला आणि वर माझा लॅपटॉप मांडला. मी आधी हसलो. मग बघितलं तर लॅपटॉप खरंच निवला आणि गणित जिथं थांबलं होतं तिथून पुढे चालायला लागलं. मी हसू आवरलं आणि अजून दोन पिशव्या मागितल्या.

मुलाखतीची वेळ जवळ आली तशी दारात बायको उभी राहिली, हातात परात. मागे मामी, तांब्या आणि औक्षणाचं ताट घेऊन. त्यांच्या मागे मामा, खांद्यावर नवा टॉवेल. पुण्यात बायको मला अरे-तुरे करते, माहेरी मात्र चारचौघांत अहो म्हणते, आणि ती अहो म्हणाली की समजायचं की निर्णय झालेला आहे. "अहो, कॅमेऱ्यात पाय दिसत नाहीत," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत माझ्या डोक्यावर नवी टोपी आली, कपाळाला कुंकू लागलं, त्यावर तांदूळ चिकटले, आणि स्क्रीनवर तीन चेहरे उगवले.

तिघांतले मधले अध्यक्ष होते, पांढऱ्या मिशांचे. दुसऱ्या एक बाई होत्या आणि तिसरे गृहस्थ बहुधा दक्षिणेकडचे. माझ्या कपाळाकडे तिघांनी एकदा पाहिलं आणि सभ्यपणे दुर्लक्ष केलं. मी इंग्रजीत बोलायला लागलो. टेबलाखाली परात सरकली. माझा डावा पाय कुणीतरी धरून परातीत ठेवला, आणि गार पाणी पडल्याबरोबर माझा आवाज एका शब्दावर वर गेला. बाईंना वाटलं तो मुद्दा महत्त्वाचा असावा, त्यांनी तो लिहून घेतला.

पुढचं बरं चाललं. आलेख उघडला तेव्हा शेवटचा ठिपका येऊन बसला होता, आणि अगदी बसायला हवा तिथेच. लस्सी मात्र पार पातळ झाली होती. ऊर्जा काढून कुठं ठेवता, या मामांच्या प्रश्नाला निदान त्या दिवसापुरतं उत्तर मिळालं. अर्थात ते तिथे सांगण्यासारखं नव्हतं.

मग अध्यक्ष मराठीत म्हणाले, "आमच्याकडं खेड्यापाड्यांतली मुलं शिकायला येतात. तुमचा विषय त्यांच्या आईवडिलांना समजेल असा सांगा बरं, थोडक्यात."

नेमका तोच प्रश्न. त्याची मी पुण्यात आरशासमोर तयारी केली होती, पण त्या क्षणी मला त्यातला एक शब्द आठवेना. कारण मामा माझ्या भेगाळलेल्या टाचेवर अंगठा फिरवत होते, सावकाश, दुखू नये असा. जो माणूस इतकी वर्षं एक वाक्य मागत होता तो माझ्या पायाशी बसला होता, आणि माझ्याकडे ते नव्हतं. मला इतकं भरून आलं की मी स्क्रीनकडे बघायचं सोडून समोरच्या कॅनकडे बघत राहिलो. आणि कॅनकडे बघतच बोलायला लागलो.

मी म्हणालो की समजा, गावाचं दूध एका टाकीत आहे. त्यात फॅट किती हे कळायला सगळं दूध तपासावं लागत नाही. नीट ढवळायचं आणि एक लहानसा नमुना घ्यायचा. न ढवळता घेतला तर कधी वरची साय येते, कधी खालचं पातळ, आणि उत्तर चुकतं. गरम रेणूच्या अवस्था इतक्या असतात की एकेक तपासायला जन्म पुरणार नाही. म्हणून मी आधी कॉम्प्युटरवर त्या सगळ्या ढवळतो, मग हव्या त्या तापमानापर्यंत गार करतो आणि त्यातून नमुना घेतो. ढवळणं चांगलं झालं असेल तर थोड्याच नमुन्यांत सगळ्या रेणूची ऊर्जा कळते.

टेबलाखालचा अंगठा थांबला होता. तिसरे गृहस्थ, ज्यांना मराठी येत नाही असं मी धरून चाललो होतो, चक्क मराठीत म्हणाले, "पण ढवळणं कमी पडलं तर? तुमच्या नमुन्यावर आम्ही विश्वास का ठेवायचा?"

प्रश्न माझ्या रीतीचा होता आणि अगदी वर्मावरचा होता. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला. "साहेब, आमच्या केंद्रावर ढवळल्याबिगार नमुना निघत न्हाई. कवाबी येऊन तपासा."

मामांना वाटलं होतं ही दुधाची तपासणी आहे. गावाचं दूध, टाकी, फॅट, विश्वास, एवढे शब्द कानावर पडल्यावर दुसरं काय वाटणार? एवढी वर्षं चोख केंद्र चालवणाऱ्या माणसाला तो आरोप सहन झाला नाही. अध्यक्षांनी विचारलं की कोण बोलतंय. मामा टॉवेलला हात पुसत उभे राहिले आणि माझ्या खांद्यामागून स्क्रीनमध्ये आले.

"मी सासरा," ते म्हणाले. "पाय धुतोय."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "कुणाचे?"

"जावयाचे. अधिक म्हैना हाय न्हवं."

मग अध्यक्षांनी दक्षिणेकडच्या गृहस्थांना धोंड्याचं जेवण समजावून सांगितलं. मी माझा सगळा विषय सांगितला त्यापेक्षा जास्त वेळ त्यांनी त्याला दिला. तेवढ्यात मामींनी, सगळ्यांची ओळख झालीच आहे असं समजून, औक्षणाचं ताट पुढे आणलं आणि मला ओवाळलं. ओवाळून झाल्यावर, उगीच दुजाभाव नको म्हणून, लॅपटॉपलाही ओवाळलं. बाईंनी नमस्कार केला. दक्षिणेकडच्या गृहस्थांनी विचारलं की पुरणात गूळ असतो की साखर. त्यावर मामींनी दिलेलं उत्तर लांबलं, आणि माझी मुलाखत तिथेच संपली. ढवळणं कमी पडलं तर काय, याचं माझ्याकडचं उत्तर चांगलं होतं. ते सांगायचं राहूनच गेलं.

आम्ही जेवायला बसलो. मामी दोन धोंडे खाऊन तरतरीत झाल्या होत्या, मेहुणा गरम लस्सी फुकट जाऊ नये म्हणून सगळ्यांना वाटत होता. मामा मात्र एकदाच म्हणाले, माझ्यामुळं बिघडलं का. मी नाही म्हणालो. ते माझ्या ताटात तूप वाढत राहिले, थांबा म्हटलं तरी.

ती जागा मला मिळाली नाही. दुसऱ्या कुणाला मिळाली आणि तो माणूस कामाने चांगला आहे, हेही मला माहीत आहे. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. पुढे काय याची काळजी होतीच, पण ‘प्राध्यापक’ हा शब्द मामांकडून परत घ्यायचा होता याचं जास्त वाटलं. फोन केला, सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जेवलात का?" मी हो म्हणालो. खरं तर जेवलो नव्हतो.

त्यानंतर काही आठवड्यांनी आम्ही दोघं गावी गेलो. संध्याकाळचं संकलन चालू होतं. मी मागच्या दाराने केंद्रात शिरलो आणि कॅनच्या उतरंडीआड टॉवेलने तोंड पुसत उभा राहिलो. मामा दारापाशी मशीनवर होते. रांगेत एक पाहुणा होता, कुणाच्या तरी घरी लग्नाचं बोलायला आलेला, यजमानाची किटली घेऊन त्याच्याऐवजी उभा. त्याने वेळ जावा म्हणून विचारलं की लेकी कुठं दिल्या. मामांनी सांगितलं. मग त्याने विचारलं, जावई काय करतात. थोरले एसटीत, मामा म्हणाले. आणि धाकटे?

मी जिथं होतो तिथंच थांबलो. ते प्राध्यापक म्हणाले असते तरी तो पाहुणा काही पुण्याला जाऊन बघणार नव्हता. म्हणू देत, असंच माझ्या मनात आलं. खोटं असलं तरी तेवढं त्यांचं देणं माझ्याकडून फिटेल.

मामांनी किटलीत ढवळणी घातली, वरपासून तळापर्यंत सावकाश फिरवली आणि नमुना घेतला. "ह्या किटलीत फॅट किती ते मी बघतो," ते म्हणाले. "रेणूत गरमी किती ते धाकटं जावई बघत्यात. म्हशीच्या अंगातल्याबी." मग नमुना मशीनला लावता लावता, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी पुढचं सांगितलं. "आन ढवळल्याबिगार नमुना घेत न्हाईत."

पाहुण्याने मान डोलावली. रांग पुढे सरकली.